मागच्या बाकावरच्या आपा

बिश्केकहून प्रशिक्षण घेऊन आलेल्या माणसाला निदान आठवडाभर तरी कुठल्याही सभेत बोलू देऊ नये, असं कलीपाचं ठाम मत होतं. हे मत तिने नवऱ्याला गाडीतून उतरल्या उतरल्या ऐकवलं. नवरा म्हणजे डोंगरातल्या नारीन गावाच्या वरच्या टोकाला असलेल्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक ओमुरकुल. मास्तरांना तिकडे जसं म्हणतात तसं सारं गाव त्यांना 'अगाय' म्हणे. बाजारातला कांदेवालासुद्धा म्हणे, फक्त वजन करताना तो ते विसरत असे.

प्रशिक्षणात एका तरुण बाईंनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत सांगितलं होतं की, पालकांचं ऐका; आणि नुसतं ऐकू नका, आपण ऐकलं हे त्यांना दिसू द्या. अगायांना हे वाक्य इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर घाट चढताना त्यांनी ते गाडीत शेजारी बसलेल्या मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला दोनदा ऐकवलं. व्यापारी विचार करून म्हणाला, "आमच्या धंद्यात उलटं आहे, अगाय. ऐकायचं सगळं, पण दिसू द्यायचं नाही." अगायांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. पुढे महिनाभराने त्यांना तो माणूस फार शहाणा होता असं वाटू लागलं, पण तोवर उशीर झाला होता.

त्याच आठवड्यात पालकसभा आली. आजवरच्या पालकसभांचा एक ठरलेला शिरस्ता होता. शाळा बोलायची, पालक शेगडीकडे बघायचे, शेवटी पडद्यांसाठी वर्गणी ठरायची आणि सगळे घरी जायचे. त्या दिवशी अगाय उभे राहिले आणि म्हणाले, "आज मी बोलणार नाही. तुम्ही बोला. मी ऐकणार."

लोकांना आधी हे खरंच वाटलं नाही. मुख्याध्यापकांची तब्येत बरी नाही की काय, अशीही कुजबुज झाली. मग कोणीतरी म्हणालं की शाळेतली खीर पातळ असते. ते ऐकून दुसऱ्याला धीर आला. संडास अंगणाच्या पलीकडे आहे, थंडीत पोरगं जाऊन येईपर्यंत त्याची काठी होते. रशियनचे तास कमी आहेत. रशियनचे तास फार आहेत. घंटा ऐकू येत नाही. घंटेने शेजारची म्हातारी दचकते. अगाय मान हलवत होते आणि मनातल्या मनात हिशेब करत होते. प्रत्येक तक्रारीत एकच खोट होती. ती दूर करायला एकतर पैसा लागत होता नाहीतर जिल्हा कार्यालयाची परवानगी, आणि परवानगीपेक्षा पैसा मिळणं सोपं होतं.

तेवढ्यात मागून तोक्तोबुबू आपांनी हात वर केला. हातात फोन होता. आपा म्हणजे आजी. आणि ह्या आपा तर अगायांच्या आईच्या मैत्रीण. त्यांनी अगायांना विनाचड्डीचं पाहिलेलं होतं आणि ते त्या विसरल्या नव्हत्या.

"माझं काही नाही," आपा म्हणाल्या. "हिचं आहे. नाझीराचं. तिला तिथे चहाची सुट्टी झालीय, लवकर ऐकून घे."

फोनवर नाझीरा होती, आपांची मुलगी. दोन वर्षांपासून मॉस्कोत एका गोदामात खोकी बांधत होती. तिचा मुलगा कुबात इथे दुसरीत होता, आपांजवळ.

"अगाय, नमस्कार," फोनमधून आवाज आला. "मी रोज त्याला विचारते, आज शाळेत काय झालं. तो म्हणतो, काही नाही. वर्षभर एका शाळेत काहीच कसं होत नाही? मला एवढंच कळू द्या हो, तिथे होतं तरी काय."

वर्गात हसू पिकलं. पण बऱ्याच आज्या हसल्या नाहीत. गल्लीत दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी मॉस्कोत होतं, आणि 'काही नाही' सगळ्याच घरांत ऐकू येत होतं.

अगायांना मात्र आनंद झाला. पैसा न लागणारी, परवानगी न लागणारी तक्रार अखेर हाती आली होती. ते छाती काढून म्हणाले, "नाझीरा, तुझं ऐकलं. उद्यापासून आमच्या वर्गाचं दार उघडं. कोणीही यावं, बसावं, डोळ्यांनी पाहावं, आणि तुला सांगावं."

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकाच्या आयुष्यात टाळ्या दुर्मीळ. त्या गोळा करतच अगाय घरी आले.

"दार उघडं म्हणालात," कलीपा कणीक तिंबता तिंबता म्हणाली, "पण किती वाजेपर्यंत, ते सांगितलंत का?"

"ती एक बोलण्याची पद्धत असते."

"तुमच्यासाठी. आपांसाठी दार उघडं म्हणजे दार उघडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अगाय शाळेत पोचले तेव्हा तोक्तोबुबू आपा आधीच फाटकाशी उभ्या होत्या. पायात जाड लोकरी नमद्याचे बूट, डोक्याला पांढरा रुमाल, एका बगलेत घडी घातलेली गोधडी आणि दुसऱ्या बगलेत कुबात. त्या सरळ दुसरीच्या वर्गात गेल्या, मागच्या बाकावर गोधडी पसरली, पिशवीतून लोकर आणि ती कातायची चाती काढली आणि म्हणाल्या, "चालू दे, बाळ. मी नाहीच असं समज."

'बाळ' म्हणजे दुसरीच्या वर्गशिक्षिका उम्सुनाय. बाविशीची, कॉलेजातून थेट आलेली, आवाज जरा बारीक. तिला आजवर वर्गात कोणी नाहीच असं समजायची सवय नव्हती. ती फळ्यावर लिहायला वळली. मागून आवाज आला, "च्च."

उम्सुनायने लिहिलेलं वाचून पाहिलं. बरोबर होतं. तरी तिने ते पुसून पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या दिवशी आपांबरोबर बुरुलकान आपा आल्या. त्यानंतर आणखी दोघी. आठवड्याच्या अखेरीस मागचा अख्खा कोपरा पांढऱ्या रुमालांनी भरून गेला. आपापल्या गोधड्या, आपापलं विणकाम. बाक पोरांच्या मापाचे, त्यामुळे आपांचे गुडघे हनुवटीला लागत. पण कोणी कुरकुर केली नाही. एकीने खिडकीच्या फटीतून वारं येतं म्हणून घरून कागदाच्या पट्ट्या आणि खळ आणून खिडक्या चिकटवून टाकल्या. ह्या कामासाठी अगाय शरद ऋतूपासून जिल्ह्याला पत्रं लिहीत होते. दुसरीने शेगडीत कोळसा कसा रचावा ते शिपायाला शिकवलं, आणि शिपाई दुखावला. तिसरी पोरांना कुरुत वाटायची. वाळवलेल्या दह्याचे ते गोळे दगडासारखे. वजाबाकी चालू असताना सगळ्या वर्गातून कडाकडा आवाज यायचा.

खरं सांगायचं तर फायदेही झाले. मारामाऱ्या थांबल्या, कारण कोणाचाही कान कोणाचीही आजी पिळू लागली. गैरहजेरी संपली. एक मुलगा पोट दुखतं म्हणून घरी राहिला तर तासाभरात त्याच्या घरी दोन आपा जाऊन पोट बघून आल्या. अगायांनी पहिल्या काही दिवसांत कोणालाही गाठून सांगितलं की ही पालकांच्या सहभागाची सुरुवात आहे.

अडचण झाली ती सहभागाचा शेवट कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं म्हणून.

शेजारी असानकादीर राहायचा. निवृत्त पोलिस. गर्दीबद्दल त्याचा सल्ला घ्यावा असं अगायांना वाटलं.

"सोपं आहे," असानकादीर म्हणाला. "पास काढा. शिक्का मारा. पास म्हटला की अर्धी गर्दी कमी होते. माणसाला कागद काढायचा कंटाळा असतो."

अगायांनी पास काढले, निळा शिक्का मारला. असानकादीरचा अनुभव चोर आणि ट्रकवाल्यांचा होता, आज्यांचा नव्हता. पास म्हणजे मान. ज्यांना मिळाला त्यांनी तो गळ्यात अडकवून बाजार केला. ज्यांना मिळाला नव्हता त्या आजवर शाळेच्या वाटेलाही गेल्या नव्हत्या, पण आता त्या अगायांच्या दाराशी येऊन विचारू लागल्या की तोक्तोबुबूमध्ये असं काय आहे जे आमच्यात नाही. ह्या प्रश्नाला गावात राहायचं असलेल्या माणसाकडे उत्तर नसतं. आणखी पास छापले गेले.

मग अगायांनी फक्त गुरुवार ठेवून पाहिला. गुरुवारी कोणाची गाय, कोणाचा दवाखाना, कोणाकडे दुखवटा. म्हणून ज्यांचा गुरुवार हुकला त्यांनी तो शुक्रवारी वसूल केला. मग 'वर्गात शांतता राखावी' अशी पाटी लावली. आपांनी ती इतकी काटेकोर पाळली की तास चालू असताना मागे चातीशिवाय कशाचाही आवाज नसे. फक्त मधूनच, "च्च."

उम्सुनायला आता ते 'च्च' झोपेतही ऐकू यायला लागलं होतं.

खरा भडका उडाला तो एका लग्नाच्या जेवणावळीत. तिथे चिनारा नावाची बँकेतली कॅशियर नवा कोट घालून आली होती. ताटावर बसते न बसते तोच बुरुलकान आपांनी तिचा हात मायेने हातात घेतला आणि आख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझ्या एर्बोलला हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही, पण काळजी नको करू. त्याच्या बापालाही चौथीपर्यंत जमत नव्हती."

बाप शेजारीच बसला होता.

सोमवारी चिनारा अगायांच्या खोलीत उभी होती. "अगाय, सभेत लोक म्हणाले शाळेतलं काही कळत नाही. आता सगळ्या गावाला कळतंय. मी दिवसभर लोकांचे पैसे मोजते आणि खिडकीतून लोक मला विचारतात, एर्बोलचं हातच्याचं झालं का. ह्याला काय म्हणायचं?"

"पालकांचा सहभाग," असं अगायांच्या ओठांवर आलं होतं. पण तिचे डोळे बघून त्यांनी ते गिळलं. "तुमचं ऐकलं," ते म्हणाले.

"ऐकू नका. काहीतरी करा."

अगायांनी काही केलं नाही, म्हणून चिनाराने केलं; जिल्ह्याला तक्रार धाडली. जिल्हा कार्यालयातून तपासणीला क्लारा एसेनोव्ना आल्या. उंच टोपी, त्याहून उंच आवाज. दुसरीच्या वर्गाचं दार त्यांनी उघडलं आणि क्षणभर आपण चुकून कोणाच्या तरी बारशाला आलो असं त्यांना वाटलं. मागे पांढरे रुमाल, मधे लोकर, खिडकीत कोणीतरी वाळत टाकलेले हातमोजे. आपा क्लारा एसेनोव्नांसाठी सरकून बसल्या आणि त्यांच्या हातावर कुरुत ठेवलं.

बाहेर आल्यावर क्लारा एसेनोव्ना म्हणाल्या, "ओमुरकुल अगाय, ह्या कोण?"

"पालक."

"ह्यांच्या आरोग्य-पुस्तिका कुठे आहेत? शाळेत रोज येणाऱ्या प्रत्येक माणसाची फुप्फुसांची तपासणी लागते. स्वयंपाकीण, शिपाई, तुम्ही, मी. ह्यांची आहे?"

"नाही."

"मग एकतर पुस्तिका आणा, नाहीतर आज्या हटवा."

अगायांनी चेहरा फार दुःखी केला, पण आतून त्यांना गार वाऱ्यासारखं वाटलं. परवानगीच्या नावाने आयुष्यभर ज्या कार्यालयाला शिव्या घातल्या, त्या कार्यालयाने पहिल्यांदाच त्यांच्यासाठी काहीतरी केलं होतं. तपासणी म्हणजे दवाखान्याच्या रांगा, क्ष-किरण, रक्त, कोणत्याही म्हाताऱ्या बाईला नकोसं वाटेल असं सगळं. घरी जाऊन त्यांनी कलीपाला सांगितलं, "संपलं. आता कोणी येणार नाही."

कलीपाने चहा ओतला. "तुम्ही आपांना ओळखता, की नुसतं लहानपणापासून बघताय?"

आपांनी एक छोटी गाडी भाड्याने ठरवली. सगळ्या मिळून दवाखान्यात गेल्या, तिथे दिवसभर बसल्या, घरचं आणलेलं डॉक्टरला खाऊ घातलं, आणि सगळ्यांच्या पुस्तिका घेऊन परत आल्या. तोक्तोबुबू आपांनी क्ष-किरणाचा काळा कागद खिडकीला लावून पोरांना फुप्फुसं दाखवली. तो दिवस पोरांना वर्षभर पुरेल इतका आवडला. क्लारा एसेनोव्नांना फोनवर हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझीच अजून नूतनीकरणाची राहिलीय."

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर उम्सुनाय अगायांच्या खोलीत आली आणि उभीच राहिली.

"बस ना."

"नको. बसले तर सांगणार नाही." तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "अगाय, मी हे सत्र संपलं की जाते. मॉस्कोला. माझी मावसबहीण आहे तिथे, केकच्या कारखान्यात. काम मिळेल म्हणाली."

अगायांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "अगं, पण का?"

"मी शिकवत नाहीये. मी रोज सकाळपासून दुपारपर्यंत परीक्षा देतेय. मी तोंड उघडलं की मागे कोणीतरी 'च्च' करतं. काल कुबात वाचायला उभा राहिला. एक शब्द वाचला आणि मागे आजीकडे बघितलं. दुसरा वाचला, पुन्हा बघितलं. पोरं माझ्याकडे बघतच नाहीत आता. मीही पोरांकडे बघत नाही. आम्ही सगळे मागे बघतो."

"पण आपांच्या मनात वाईट नाही गं."

"मला ठाऊक आहे. वाईट असतं तर मी सांगितलं असतं त्यांना." ती थांबली. "तुम्ही सांगाल का, अगाय?"

अगाय टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिले. गावात वडीलधाऱ्या बाईला 'उठा' म्हणणं म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक होतं. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. "येते," म्हणाली आणि गेली.

नवी शिक्षिका मिळणं किती अवघड, ह्याचा विचार त्यांच्या मनात आधी आला, आणि त्याची त्यांना लगेच लाज वाटली. मग दुसरं आठवलं. सभेत त्यांनी कोणाकोणाचं ऐकलं होतं. खिरीचं, संडासाचं, घंटेचं, मॉस्कोचंसुद्धा. ज्या मुलीच्या वर्गाचं दार त्यांनी टाळ्यांच्या बदल्यात उघडून दिलं, तिला मात्र त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

ते घरी न जाता सरळ तोक्तोबुबू आपांकडे गेले. वाटेत काय बोलायचं ते त्यांनी तीन-चार प्रकारे घोकलं. त्यातला कुठलाच प्रकार उपयोगी पडला नाही, कारण आपांच्या घरी बोलायच्या आधी खावं लागतं. नान, लोणी, जरदाळूचा मुरंबा, तळलेल्या कणकेचे बोर्सोक, त्यावर चहा. कुबात कोपऱ्यात खेळण्यातली गाडी चालवत होता.

"खा," आपा म्हणाल्या. "जिल्ह्याच्या बाईने तुला छळलं ना? वाळलास."

अगायांनी घसा खाकरला. तेवढ्यात फोन वाजला.

नाझीराच होती, पण एकटी नव्हती. फोनच्या काचेत चार-पाच डोकी दाटीने घुसली होती, मागे दुमजली लोखंडी पलंग. सगळ्यांच्या अंगात तेच निळे जाकीट. अगायांना दोघीतिघी ओळखू आल्या; त्या ह्याच शाळेत शिकल्या होत्या. अगाय नकळत फोनच्या नजरेआड सरकले.

"आपा, सांगा," नाझीरा म्हणाली.

आपांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला, रुमाल नीट केला आणि सांगायला लागल्या. सकाळी बर्फ किती होता तिथपासून. कोणाचं पोर टोपी विसरलं, कोणी दिली. उम्सुनायने आज हिरवा गळपट्टा घातला होता. आज नदीवरचा धडा झाला. नदी कुठून येते असं तिने विचारलं, तर एक पोरगी म्हणाली नळातून, आणि उम्सुनाय हसली नाही हो, तिने नळ कुठून येतो ते विचारलं, आणि असं करत करत पोरांना पार डोंगरावर नेलं.

"माझी आयझान बोलली?" मागून एक आवाज आला.

"बोलली. बर्फ म्हणाली. बरोबर म्हणाली."

त्या बाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दुसरी पुढे आली. "आणि माझा? खीर खाल्ली?"

"अर्धी. अर्धी शेजारच्याला दिली. पातळच असते ती."

आपा एकेकीला तिचं तिचं पोर वाटून देत होत्या. कोणाचं खोटं कौतुक नाही, कोणाचं लपवणं नाही. मधेच पलंगावरून एक बारीकशी पोरगी म्हणाली, "ती शिक्षिका फार चांगली दिसतेय." आपा म्हणाल्या, "हुशार आहे. आवाज बारीक आहे, पण पोरांना घाबरवत नाही. मी तर रोज तिच्याकडून शिकते." आणि मांडी बदलताना त्यांच्या तोंडून निघालं, "च्च. हे गुडघे. त्या बाकांनी जीव घेतला माझा."

अगायांच्या हातातला बोर्सोक तसाच राहिला.

फोन बंद झाला. आपांनी अगायांचा पेला पाहिला.

"चहा गार केलास. म्हणजे काहीतरी वाईट सांगायला आलायस. सांग."

घोकलेलं काही आठवेना, म्हणून त्यांनी जसं होतं तसंच सांगितलं. "आपा, उम्सुनाय शाळा सोडतेय."

"का?"

"तुम्ही मागे बसता, तिला दडपण येतं. ती म्हणते मी शिकवत नाही, परीक्षा देते. तुमचे गुडघे दुखतात, तिला वाटतं ती चुकली."

आपांनी चाती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "मी तिला कधी एक शब्द बोलले नाही."

"नाही बोललात."

"मग तिनेच यायचं माझ्याकडे."

"कशी येईल? तुम्ही आपा आहात. मी पन्नाशीचा आहे, मला इथवर यायला सगळा मुरंबा खावा लागला."

आपा हसल्या नाहीत. "म्हणजे माझी पुस्तिका काढून घेणार ना तू? रक्त दिलं मी. दवाखान्यातल्या त्या पोरीने सुई तीनदा टोचली."

"मी काही काढून घेत नाही. मीच म्हणालो होतो दार उघडं. चूक माझी."

"चूक कोणाची ते राहू दे. ती जाणार कुठे?"

"मॉस्कोला," अगाय म्हणाले.

आपांनी मान वळवली. साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन अजून तसाच होता, काळा. कुबातची गाडी चटईच्या काठाला अडली होती आणि तो ती पुन्हा पुन्हा ढकलत होता. आपांनी वाकून ती सोडवून दिली. मग हळू म्हणाल्या, "हिलाही पाठवायचं तिकडे, आणि मी इथून तिला सांगायचं तिच्या वर्गात काय झालं. असं होय."

अगाय निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत. नारीनमध्ये पाहुण्याला दारापर्यंत न पोचवणं म्हणजे काय, ते अगायांना समजलं.

दुसऱ्या दिवशी तोक्तोबुबू आपा वर्गात आल्या नाहीत. त्या आल्या नाहीत म्हणून बाकीच्याही आल्या नाहीत. रस्त्यात अगायांनी सलाम केला तर उत्तर मिळायचं, पण तेवढंच. कोणी मुरंब्याची बरणी पाठवली नाही. गावात बातमी होती की ओमुरकुलने आज्यांना शाळेतून काढलं, आणि असानकादीरने भेटून सांगितलं की पोलिसात असताना असा निर्णय त्यानेही कधी घेतला नसता. दुसरीकडे मॉस्कोतून अगायांच्या फोनवर रोज निरोप यायला लागले. आपा काहीच सांगत नाहीत. शाळा चालू आहे ना?

अगायांनी ते निरोप उम्सुनायला वाचून दाखवले. आयझानच्या आईचं तोंड झाकणं सांगितलं. नळाचं आणि डोंगराचं सांगितलं. गुडघ्यांचं सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग खिडकीकडे वळली.

"मला वाटायचं त्या मला तपासतायत," ती म्हणाली.

"त्या तुला पाठ करत होत्या."

ती थोडा वेळ खिडकीवरच्या कागदाच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिली. "मला वर्ग माझा हवा, अगाय. ते मी बदलत नाही. पण सुटायच्या आधीचा शेवटचा वेळ… पोरांनी स्वतः सांगितलं तर? आज काय झालं ते. आपा न्यायला येतातच, बाहेर थंडीत उभ्या असतात. त्यांनी आत येऊन ऐकावं. पोरं सांगतील, मी नाही."

"सांगतील?"

"शिकवावं लागेल. पण शिकवणं हेच तर माझं काम."

हे अगायांना पटलं; मॉस्कोचं नाव तिने काढलं नाही, हे तर फारच. जिल्ह्याला पटायला वेळ लागला. वेळापत्रकात 'आज काय झालं' असा विषय नसतो, असं क्लारा एसेनोव्नांनी कळवलं. बऱ्याच फोनांनंतर त्यांनीच तोडगा सुचवला. मातृभाषा, तोंडी काम, असं लिहा आणि मला पुन्हा विचारू नका. अगायांनी तसं लिहिलं. मोठ्या माणसांच्या खुर्च्या मात्र त्यांनी कोणालाही न विचारता सभागृहातून उचलून आणल्या.

पहिल्या दिवशी बुरुलकान आपा आल्या, आणखी काही जणी आल्या. चिनारा बँकेतून धावत आली आणि कोट न काढता दाराशी उभी राहिली. एर्बोलने सांगितलं की त्याला हातच्याची दोन गणितं आली आणि एक नाही. स्वतःच सांगितलं. चिनाराने खाली बघितलं, पण बुरुलकान आपांनी काही भर घातली नाही.

मग सगळ्यांत शेवटी दार उघडलं आणि तोक्तोबुबू आपा आल्या. गोधडी नव्हती, चाती नव्हती. कोणाकडे न बघता त्या भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या. उम्सुनायने मान लववून सलाम केला. आपांनी मान हलवली, फार नाही.

कुबातची पाळी आली. तो उभा राहिला, बाकाचा काठ धरून.

"आज वाचन होतं," तो म्हणाला. मग थांबला. उम्सुनाय वाट बघत राहिली. "मी वाचलं. आधी मी मागे बघितलं. मागे आपा नव्हती. मग मी पुस्तकात बघितलं." तो आणखी थोडा थांबला, आठवत. "मग सगळं पान वाचलं."

अगाय दारात उभे होते. त्यांना आपांकडे बघायचं धाडस होईना. आपांचे हात मांडीवर होते, रिकामे. रुमालाखाली त्यांचा चेहरा आधी ओढल्यासारखा झाला आणि मग हळूहळू सुटला.

"कुठलं पान?" त्यांनी विचारलं.

"कोल्ह्याचं."

"कोल्ह्याचं काय?"

कुबातने सांगितलं. कोल्हा बर्फावरून गेला, त्याचे ठसे उमटले, मग वारं आलं. आपा पुढे वाकून ऐकत होत्या आणि प्रत्येक वाक्यामागून त्यांचे ओठ हलत होते, बिनआवाजाचे. कोल्हा, बर्फ, ठसे, वारं. नाझीराला सांगताना एक शब्द राहील असं वाटून त्यांनी त्याला पुन्हा विचारलं, आणि त्याने पुन्हा सांगितलं.